पहिल्या ट्रेलर रॅलीआधी दोन रात्री विजेची तार काढून राहून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोत कोलंबसजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने जुना, २३ फुटी एअरस्ट्रीम (ॲल्युमिनियमच्या कवचाचा, आत राहता येईल असा) ट्रेलर विकत घेतला आहे. ओढायला हाफ-टन पिकअप आहे. जूनमध्ये पश्चिम ओहायोत ट्रेलरमालकांच्या चार दिवसांच्या मेळाव्याला, म्हणजे रॅलीला, जायचा विचार आहे. नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सांगलीहून येणाऱ्या सासूबाई अशी चार माणसं. तिथे दिवसभर करतात काय, आपला ट्रक पुरेल का, शाकाहारी जेवणाचं कसं जमवायचं, आणि आपण तिथे परके तर पडणार नाही ना, असं विचारलं आहे.

जरूर जा. मी या भागातल्या रॅलींना बरीच वर्षं जाते आहे, पार्किंगच्या कामात हात लावते, आणि जुन्या ट्रेलरबद्दल मला जे येतं त्यातलं बहुतेक अशा मैदानांवरच शिकले. पण एक काम आधी करा. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ट्रेलर ड्राइव्हवेत उभा करून, विजेची तार आणि पाण्याचा पाइप काढून, चौघांनी दोन रात्री त्यात राहा. तुमच्या वस्तीच्या एचओएला, म्हणजे घरमालकांच्या संघटनेला, ते चालत नसेल (बऱ्याच ठिकाणी ट्रेलर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त उभा करू देत नाहीत), तर जवळच्या स्टेट पार्कात वीज नसलेली जागा घ्या. असं का म्हणते ते पुढे येईलच.

आधी रॅली म्हणजे काय ते. बहुतेक वेळा एखाद्या काउंटीचं फेअरग्राउंड (जत्रेचं मैदान) किंवा मोठं कुरण घेतात आणि ट्रेलर ओळीने, अगदी जवळजवळ लावतात. तीन-चार दिवस तिथेच मुक्काम. मुक्कामाची जागा बदलत जाणारा जो प्रवास असतो त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात, ते वेगळं. ही पद्धत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. १९१९ मध्ये फ्लोरिडात टँपाच्या डी सोटो पार्कमध्ये ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना उभी राहिली. गाडीच्या रेडिएटरच्या टोपणावर सोल्डर केलेला पत्र्याचा डबा ही त्यांची एकमेकांना ओळखायची खूण होती. मधल्या काळात ती संपली, १९९८ मध्ये जुन्या ट्रेलरच्या शौकिनांनी पुन्हा सुरू केली, आणि मिशिगनमध्ये मिलफर्डच्या कँप डिअरबॉर्नला त्यांचे मेळावे भरत आले आहेत. एअरस्ट्रीमवाल्यांचा क्लब १९५५ सालचा. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात केंटव्हिलला कॅरॅव्हॅनचा मुक्काम असताना तो स्थापन झाला. कंपनीचे संस्थापक वॉली बायम स्वतः हे ताफे काढायचे. १९५९-६० मध्ये ४१ ट्रेलर केपटाउनहून कैरोपर्यंत गेले. १९६२ मध्ये बायम वारले, त्यानंतर १९६३-६४ मध्ये जगभर फिरलेला ताफा आपल्या भारतातूनही गेला होता.

हे मी इतिहास म्हणून सांगत नाही. रस्ते नसलेल्या मुलखात हिच (गाडी आणि ट्रेलर जोडणारे सांधे) तुटायचे, टायर फुटायचे, गॅरेज नसायचं, तेव्हा ताफ्यातलाच कोणीतरी वेल्डिंग करायचा, कोणीतरी स्प्रिंग बदलायचा. ती सवय या मंडळींत टिकून आहे. रॅलीत तुम्ही अनोळखी माणसाला ‘माझा पंप मधेच बंद पडतो’ म्हणालात, तर तो हातातला कप ठेवून तुमच्याबरोबर चालू लागतो. मात्र दुखणं काय आहे ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे, आणि ते त्या दोन रात्रींतच कळतं.

आता ट्रक. विकणाऱ्याने ‘हा ९,००० पौंड ओढतो’ असं सांगितलं असेल. तो आकडा खोटा नाही, पण तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक पांढरा-पिवळा स्टिकर असतो. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. समजा तो आकडा १,६०० आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या टोकावर यायला हवा. यालाच टंग वेट म्हणतात. तुमचा ट्रेलर भरल्यावर ६,००० पौंडांचा धरला, तर साडेबारा टक्क्यांनी ७५० पौंड झाले. वेट-डिस्ट्रिब्यूशन हिचचं, म्हणजे थोडा भार पुढच्या चाकांकडे वाटणाऱ्या हिचचं, स्वतःचं वजन शंभराच्या आसपास. चार माणसं मिळून साधारण ५५०. झाले १,४००. उरलेल्या २०० पौंडांत कूलर, हत्यारं, सायकल, जनरेटर आणि सासूबाईंची बॅग. ओढायची ताकद शिल्लक असतानाच पेलोड, म्हणजे स्टिकरवरची ती मर्यादा, संपतं ते असं. हाफ-टन ट्रकवाल्या कुटुंबांचं गणित बहुधा इथेच चुकतं.

अंदाजावर राहू नका. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्या तोलायचा काटा, असतो, थोड्या डॉलरांत वजन होतं आणि पावतीवर प्रत्येक ॲक्सलचा (चाकांच्या आसाचा) आकडा वेगळा मिळतो. एकदा फक्त ट्रक, सगळी माणसं आणि सामान घालून, तोला. मग ट्रेलर जोडून, पण हिचच्या स्प्रिंग बार न लावता तोला. दोन्ही वेळच्या ट्रकच्या आकड्यांतला फरक म्हणजे तुमचं खरं टंग वेट. तिसऱ्यांदा बार लावून तोललंत की पुढच्या चाकांवर भार किती परत येतो ते दिसेल. टंग वेट कमी असेल तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तसं झालंच तर ट्रकचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर हळूच सोडा आणि ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या उपकरणाची, हाताची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, ती कळ एकदा दाबून हाताला सवय करून ठेवा.

टायरच्या नक्षीची खोली बघून फसू नका. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकातले शेवटचे चार आकडे बघा. २३१८ असेल तर २०१८ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर बदला, कितीही नवे दिसोत. बऱ्याच एसटी, म्हणजे खास ट्रेलरच्या, टायरची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, ट्रकची नसली तरी. चाक काढून पुन्हा बसवलं असेल तर ५० ते १०० मैलांनंतर थांबून नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.

आणि हो, ओहायोत चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसाने बसायला कायद्याने बंदी आहे. सासूबाईंना वाटेत आडवं व्हावंसं वाटलं तरी ट्रकमध्येच, पट्टा लावून. दर दीड-दोन तासांनी थांबा ठेवा.

आता त्या दोन रात्री. रॅलीच्या मैदानात बऱ्याचदा हुकअप (वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या) नसतात, किंवा असतात ते तुटपुंजे. पाणी टाकीतलं, वीज बॅटरीतली, सांडपाणी तुमच्याच ट्रेलरच्या पोटाखालच्या टाकीत. घरी आपण नळ सोडून भांडी विसळतो आणि त्याचा हिशेब कधी करत नाही. इथे ग्रे टँक, म्हणजे सिंक आणि शॉवरचं पाणी जिथे जातं ती टाकी, सगळ्यात आधी भरते. हात आखडता ठेवला तर माणशी दिवसाला ४-५ गॅलन लागतात. चौघांना चाळीस गॅलन दोन दिवस. म्हणजे चार दिवसांच्या रॅलीत मधे एकदा रिकामं करणं आलं, किंवा अंघोळीला मैदानावरच्या शॉवरहाउसात जाणं आलं. ताटं धुण्याआधी कागदाने पुसा, वरणाचं पातेलं आधी पोळीने निपटून घ्या, भांडी एका घमेल्यात धुवा. दोन दिवसांत सगळ्यांना सवय होते, मुलीला तर सगळ्यात आधी.

फ्रेश टँक, म्हणजे स्वच्छ पाण्याची टाकी, घरून भरून न्यायचा की तिथे भरायचा? पाण्याचं वजन गॅलनला ८.३४ पौंड. चाळीस गॅलन म्हणजे ३३० पौंडांच्या वर, आणि टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर टंग वेट वाढतं, मागे असेल तर घटतं. मैदानाजवळ पिण्याचं पाणी मिळतं का ते यजमानांना विचारा, मिळत असेल तर तिथेच भरा. पाइप पांढरा, पिण्याच्या पाण्याचा वेगळा ठेवा आणि प्रेशर रेग्युलेटर लावा.

विजेचं म्हणाल तर, लेड-ॲसिड बॅटरी १०० अँपिअर-अवरची असली तरी अर्धीच वापरायची असते. त्याखाली वारंवार गेलात तर तिचं आयुष्य संपतं. पंप, दिवे, छताचा पंखा आणि फोन चार्ज करणं एवढं दोन रात्री पुरतं की नाही ते ड्राइव्हवेतच बघा. रोज सकाळी व्होल्टेज लिहून ठेवा. फ्रिज गॅसवर चालतो का तेही बघा. जुना ॲब्सॉर्प्शन फ्रिज असेल तर ट्रेलर समपातळीत हवा, नाहीतर तो नीट थंड होत नाही आणि कालांतराने खराब होतो. सासूबाईंचं इन्सुलिन किंवा थंड ठेवायचं दुसरं औषध असेल तर ही गोष्ट पहिल्या क्रमांकावर घ्या.

एसी बॅटरीवर चालणार नाही. ओहायोतला जून दमट असतो, आणि ज्येष्ठ माणूस बरोबर असताना मी तरी विजेची जागा मिळत असेल तर पैसे देऊन घेईन. ३० अँपचं कनेक्शन म्हणजे ३,६०० वॉट. त्यात १३,५०० बीटीयूचा एसी साधारण १,५०० खातो, विजेची किटली तेवढंच. मायक्रोवेव्ह तिसरा लावलात की ब्रेकर पडतो. काही मैदानांवर १५ किंवा २० अँपच मिळतात. तिथे एसी चालू असताना दुसरं काही लावू नका, आणि घरातली पातळ एक्स्टेन्शन वायर तर मुळीच नको, ती तापते. दहा किंवा बारा गेजची जाड वायर घ्या. सॉकेटची जोडणी उलटी आहे का ते तपासणारा सर्ज प्रोटेक्टर आधी लावा, मग ट्रेलरची तार.

मैदानावर पोचलात की काय? इथे मी पार्किंगवाल्यांच्या बाजूने बोलते. दिलेल्या वेळेआधी येऊ नका, आधी आलेल्या गाड्यांना रस्त्यावरच उभं राहावं लागतं. येताना ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, रिकामा करून या. गेटवर दोन्ही काचा खाली, गाणी बंद. एकच माणूस हातवारे करेल, फक्त त्याच्याकडे बघा. आरशात तो दिसेनासा झाला की थांबा. आणि नवरा किंवा बायको, जो कोणी गाडी चालवत नसेल त्याने खाली उतरून वेगळ्या खुणा करू नयेत. दोघांच्या दोन खुणांमुळे किती जोडपी पहिल्याच तासाला अबोला धरतात ते आम्ही दर वेळी बघतो. जागा मनासारखी नसली तरी तिथेच लावा. ओळीचं गणित आधी आखलेलं असतं. ट्रेलर उभा राहिला की आधी डावी-उजवी बाजू फळ्यांवर चढवून सम करा, मग चाकांना अटकण, मग ट्रक सोडवा, मग पुढचा जॅक फिरवून पुढे-मागे सम करा. कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर सगळ्यात शेवटी. ते ट्रेलर उचलण्यासाठी नसतात.

दिवसभरात काय असतं? सकाळी कॉफी आणि सूचना, मग वायरिंग, ब्रेक, गळती अशा विषयांवर सभासदांची व्याख्यानं, दुपारी जुन्या सामानाची देवघेव, संध्याकाळी आपापली खुर्ची घेऊन एकत्र बसणं आणि एखादा पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचं एकत्र जेवण. पण माझ्या मते रॅलीचा खरा गाभा म्हणजे ओपन हाउस. ठरलेल्या वेळी मालक आपले दरवाजे उघडे ठेवतात आणि कोणीही आत जाऊन बघायचं. तुमच्यासारखाच, तुमच्याच काळातला ट्रेलर शोधा आणि मालकाला विचारा की फरशी कधी बदलली.

कारण जुन्या एअरस्ट्रीमचं दुखणं बाहेरच्या चकाकीत दिसत नाही. खालची फरशी प्लायवुडची असते. खिडकीच्या कडेने, छतावरच्या पंख्याच्या भोवती, मागच्या डब्याच्या दारातून पाणी शिरतं आणि मागचा भाग आतून कुजतो. मागच्या बंपरवर उभं राहून वर-खाली जोर द्या. बंपर हलतो आणि वरचं कवच जागच्या जागी राहतं, त्यांच्यात फट उघडते, असं झालं तर चौकट आणि कवच यांची जोड सुटली आहे. कोपऱ्यांत स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टोचून बघा, लाकूड मऊ लागतंय का. दुसरं दुखणं म्हणजे ॲक्सल. या ट्रेलरच्या ॲक्सलमध्ये स्प्रिंगऐवजी रबराचे दांडे असतात आणि रबर वयाने कडक होतं. चाक धरणारा दांडा रिकाम्या ट्रेलरखाली थोडा खाली झुकलेला हवा. आडवा किंवा वर गेलेला दिसला तर ॲक्सल संपलं, आणि मग प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट रिव्हेटांना बसतो. तिसरं, गळती बुजवायला सिलिकॉन वापरू नका. ते ॲल्युमिनियमवरून सुटतं, आणि मागे राहिलेल्या थरावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. पॉलीयुरेथेनचं सीलंट घ्या, आणि जुना सिलिकॉनचा थर कसा काढायचा ते रॅलीत एखाद्याकडून प्रत्यक्ष बघून घ्या. वाचून हे येत नाही, हात कसा फिरतो ते बघावं लागतं.

पॉलिश केलेल्या ट्रेलरला हात लावू नका. बोटांचे ठसे उमटतात आणि त्या चकाकीमागे आठवडेच्या आठवडे घासणं असतं. दोन ट्रेलरच्या मधून, कोणाच्या ऑनिंगखालून (ट्रेलरच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराखालून) आडवं जाऊ नका. जनरेटर रात्री दहानंतर बंद, आणि चालू असताना त्याचा धूर कोणाच्या खिडकीकडे जाणार नाही असा ठेवा. तुमच्या ट्रेलरमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म निघण्याआधी बदला, त्याचंही आयुष्य ठरलेलं असतं आणि तारीख मागे छापलेली असते.

जेवण. एवढ्या लहान जागेत खमंग फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजणारच, म्हणून फोडणीचं सगळं बाहेर, दोन बर्नरच्या कँप स्टोव्हवर. कुकर मात्र आत चालतो, पंखा लावून. घरून भाजणी, मेतकूट, कोरडं पिठलं, शेंगदाण्याची चटणी, दोन दिवस टिकणाऱ्या दशम्या नेल्यात की पाणीही वाचतं आणि गॅसही. पॉटलकला थालीपीठ फार छान जातं, लहान चौकोनी तुकडे करून दह्याबरोबर ठेवा. मी साबुदाण्याची खिचडी नेत नाही, दाण्याच्या कुटामुळे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला माणूस न विचारता वाढून घेऊ शकतो. काहीही नेलंत तरी शेजारी कार्डावर घटक लिहा: दाणे, दूध, गहू, मिरची. तुम्हाला काय खाता येईल हेही त्यामुळे सोपं होतं, कारण बाकीचेही मग आपल्या पदार्थात काय आहे ते सांगतात. बीन्सच्या भांड्यात बेकन असतं, हे विचारूनच कळतं.

परके पडण्याबद्दल. त्या मैदानात तुमच्यासारखं दुसरं कुटुंब बहुधा नसेल. बहुतेक मंडळी निवृत्त, गोरी, आणि एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी. पहिला अर्धा दिवस अवघडल्यासारखं वाटेल, ते खोटं कशाला सांगू. पण तिथे ओळख ट्रेलरपासून सुरू होते, आणि त्यात तुम्ही बरोबरीचे असता. दोन गोष्टी करा. नावनोंदणीच्या टेबलावर पहिल्यांदाच आलो आहोत असं स्पष्ट सांगा, बऱ्याच रॅलींत नव्या लोकांची वेगळी बैठक असते. आणि एखादं काम मागून घ्या, खुर्च्या मांडण्याचं का असेना. काम करणाऱ्याला संध्याकाळपर्यंत सगळे नावाने हाक मारतात. दार लावून आत बसू नका, ऑनिंगखाली खुर्च्या टाका, तेच इथलं आमंत्रण. कोणी वाकडं बोललंच तर यजमानांना तिथल्या तिथे सांगा, ऐकून घेऊ नका. मुलीच्या वयाची मुलं कमी असतात, म्हणून शाळेच्या सुट्टीतली रॅली निवडलीत हे बरं केलंत. तिची सायकल आणि हेल्मेट न्या.

सासूबाईंसाठी ट्रेलरच्या पायरीशी एक जास्तीचा, रुंद, कठडा असलेला स्टूल ठेवा. ट्रेलरची पायरी उंच आणि अरुंद असते, रात्री तर दिसतही नाही. त्यांना दाराजवळचा पलंग द्या की बाथरूमजवळचा, हेही त्या दोन रात्रींत ठरवून टाका. प्रवासी विम्याचं कार्ड ट्रकमध्ये, औषधांची यादी इंग्रजीत, आणि मैदानाचा पूर्ण पत्ता फ्रिजवर चिकटवलेला.

परतताना सगळे एकाच वेळी डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी, रांग लावतात. तुम्ही नाश्त्याआधी तरी निघा किंवा अकरानंतर. हातमोजे घाला, आधी ब्लॅक टँक सोडा, मग ग्रे, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. टाकीत थोडं पाणी शिल्लक राहू द्या. ओळीतून बाहेर पडण्याआधी ट्रेलरभोवती एक पूर्ण फेरी मारा: ऑनिंग, अँटेना, पायरी, अटकण, साखळ्या, सात पिनांचा प्लग. मग शेजाऱ्याला इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे बघायला सांगा. तो नाही म्हणणार नाही.